आपोआपच व्हायचं तर मी कशाला?

"आपोआप" या शब्दावर माझा राग आहे. मराठीत वाईट शब्द पुष्कळ आहेत आणि त्यांतले बरेचसे मी कॅश काउंटरवर बसून, दर महिन्याच्या एक तारखेला, स्वतःच्या कानांनी ऐकलेले आहेत. पण शिवी देणारा माणूस निदान समोर उभा असतो आणि ज्याला द्यायची त्यालाच देतो. "आपोआप"मध्ये कुणी नसतंच. पैसे आपोआप कापले गेले, मुदत आपोआप वाढली, खातं आपोआप गोठलं. कोणी केलं? कुणी नाही. झालं! गेली बावीस वर्षं मी या "कुणी नाही"च्या वतीने लोकांचं बोलणं खातो आहे. त्यामुळे संध्याकाळी घरी आल्यावर, चहा घेऊन, बनियनवर बसून जो खेळ मी खेळणार त्यात तरी या शब्दाची गाठ पडू नये, एवढीच माझी माफक अपेक्षा होती.

गाठ पडली. तिसऱ्याच लढाईला पडली. मी विचारात गढलो होतो आणि मागे उभे राहून केळं खात असलेले आमचे चिरंजीव म्हणाले, "बाबा, ऑटोवर टाका ना. आपोआप मारतात ते."

आता हा काय प्रकार आहे ते आधी सांगायला हवं, कारण माझ्या वयाच्या वाचकांना "खेळ" म्हटलं की कॅरम आठवतो आणि "जपानी" म्हटलं की टेपरेकॉर्डर. खेळाचं नाव "ड्रॅगन क्वेस्ट", त्यातला हा तिसरा भाग. मुळात तो जपानात १० फेब्रुवारी १९८८ रोजी निघाला. मी तेव्हा दुसरीत होतो आणि बाराच्या पाढ्यापाशी अडलो होतो. त्या दिवशी बुधवार होता. दुकानांपुढे रांगा लागल्या आणि शाळा बुडवून रांगेत उभ्या राहिलेल्या मुलांना पोलिसांनी धरलं. मग म्हणे सरकारने कायदाच केला, की हा खेळ सुट्टीच्या दिवशीच विकायचा. ही कायद्याची गोष्ट दंतकथा आहे. पण चौथा भाग ११ फेब्रुवारी १९९० ला आला आणि तो रविवार होता, हे मात्र खरं. कायद्यावाचून शहाणपण सुचलेला धंदा मी एरवी पाहिलेला नाही.

तोच तिसरा भाग १४ नोव्हेंबर २०२४ ला नवा अंगरखा घालून पुन्हा आला. माणसं जुन्यासारखीच ठिपक्याठिपक्यांची, वीतभर उंचीची. पण भोवतालचं पाणी चमकतं, झाडांतून ऊन झिरपतं, संध्याकाळ झाली की खिडक्यांत दिवे लागतात. आमच्या गल्लीतल्या गणपतीपुढे पूर्वी हलते देखावे असत, थेट तसं. मोठाल्या डोळ्यांची, कंगव्याला न जुमानणाऱ्या केसांची ती चित्रं आकिरा तोरियामा यांची. "ड्रॅगन बॉल"वाले तेच. १ मार्च २०२४ ला ते गेले; हे नवं रूप बाजारात आलेलं त्यांना पाहायला मिळालं नाही. खेळ रचणारे युजी होरी. त्यांनी सगळ्यांत फुटकळ राक्षस म्हणून एक चिकट गोळा कागदावर काढून दिला होता म्हणतात. तोरियामांनी त्याला थेंबाचा आकार दिला, निळा रंग दिला आणि हसरं तोंड दिलं. मला तो पहिल्यांदा दिसला तेव्हा निळा मोदकच वाटला. त्याच्यावर काठी उगारायला हात धजेना. पण तो बेटा धजला.

गोष्ट अशी. तुम्ही एका वीराचा मुलगा. वडील राक्षसांशी लढताना ज्वालामुखीत पडले. तुमच्या सोळाव्या वाढदिवशी आई सकाळी लवकर उठवते आणि राजाकडे घेऊन जाते. राजा म्हणतो, बाप गेला, आता तू जा. म्हणजे अनुकंपा तत्त्वावर नेमणूक! आमच्याकडे त्यासाठी सात दाखले लागतात. इथे आई बरोबर असली की झालं. मग राजेसाहेब जगाच्या रक्षणासाठी खजिन्यातून रोख रक्कम देतात. किती? पन्नास नाणी. शिवाय दोन-चार दांडकी. मी बी. कॉम. आहे. सेकंड क्लास का होईना, पण आहे. तरतूद पाहून मी खुर्चीत सरसावून बसलो. ज्या राज्याचं संरक्षणाचं अंदाजपत्रक पन्नास नाण्यांचं, तिथे प्रत्येक नाण्याचा हिशेब ठेवणारा माणूस लागतो आणि मी तोच माणूस आहे.

साथीदार मिळतात गावच्या गुत्त्यात. लढवय्या, पुजारीण, जादूगार, व्यापारी, जो हवा तो निवडा आणि त्याला नाव द्या. चौघांची टोळी झाली की निघालात. वाटेत राक्षस भेटतात, आणि इथे या खेळाचं खरं मर्म आहे. राक्षस समोर येतो आणि थांबतो! तुम्ही चौघांना एकेक काम सांगेपर्यंत तो जागचा हलत नाही. तू मार, तू जखमेवर मंत्र टाक, तू ढाल धर, तू पोटलीतली औषधी खा. चौघांना सांगून झालं की मग दोन्हीकडची कामं चपळाईच्या क्रमाने होतात आणि आपण निकाल बघतो. पुन्हा सगळे थांबतात. पुन्हा विचार.

हे थांबणं हल्लीच्या पोरांना सोसत नाही. "जुनाट" म्हणतात. कोण पाळी येईपर्यंत उभं राहून मार खातं, असं विचारतात. अरे, बँकेत ये म्हणावं! टोकन घेऊन बाकावर बसलेली माणसं म्हणजे दुसरं काय? सुसंस्कृतपणा म्हणजे हेच की दुसऱ्याचं होईपर्यंत आपण थांबायचं आणि आपली पाळी आली की विचार करून बोलायचं. आमच्या शाखेत तर राक्षसही हे पाळत नाहीत. काउंटरवर एक आजी पैसे मोजत असताना त्यांच्या खांद्यावरून तिघेजण स्लिपा आत सरकवतात. तिथे दिवसभर बसून आल्यावर एखादा सहा हातांचा प्राणी अदबीने माझ्या निर्णयाची वाट बघत उभा राहतो, तेव्हा मला भरून येतं.

आणि नेमकं तेच या नव्या आवृत्तीने सोडवून देऊ केलंय. टोळीला एकदा धोरण ठरवून दिलं, उदाहरणार्थ "दया दाखवू नका" किंवा "जपून लढा", की ती आपल्या बुद्धीने लढते. तुम्ही नुसतं बघायचं. बघायचाही कंटाळा आला तर लढाईचा वेग वाढवा. वेग तीन आहेत: साधा, जलद आणि अतिजलद. अतिजलदमध्ये काय होतं ते मला दिसलं नाही. म्हणजे झालं, पण दिसलं नाही. एक लखलखाट झाला आणि खाली लिहून आलं की आम्ही जिंकलो. निकाल लागला, निवडणूक झालीच नाही!

मी विचारतो, यात मी कुठे आहे? राक्षस मारणार यंत्र, कसा मारायचा ते ठरवणार यंत्र, आणि ते इतक्या वेगाने की मला कळूही नये. मग मला घेतलंय कशाला? विजेचं बिल भरायला?

चिरंजीवांचा युक्तिवाद असा, की फुटकळ राक्षस मारण्यात डोकं कशाला शिणवायचं, मोठा आला की हातात घ्यावं. "बाबा, तुम्हाला रोज दोनच तास मिळतात. ते मोदक मारण्यात घालवणार?" वेळ कमी आहे, म्हणून आपोआप. हा युक्तिवाद मी दहा वर्षं परिपत्रकांतून वाचतो आहे, फक्त तिथे केळं नसतं. पण जरा उलटा विचार करून पाहा. ज्याच्याकडे वेळ पुष्कळ आहे त्याने दुसऱ्याकडून खेळून घेतलं तर एक वेळ चालेल. माझ्याकडे दिवसातले दोनच तास माझे आहेत. बाकी सगळे मी महिन्याच्या बोलीवर देऊन टाकलेत. ते दोनही यंत्राच्या स्वाधीन करून मी समोर बसून राहू? जेवायला वेळ कमी आहे म्हणून घास दुसऱ्याच्या तोंडात घालतात का?

शिवाय फुटकळ राक्षस हा फुटकळ नसतोच. पहिल्या पन्नास लढायांत पुजारिणीच्या अंगात मंत्र टाकायची ताकद किती हे कळतं. लढवय्या तापट आहे की दमदार, कुठली औषधी आठ नाण्यांची आणि ती कधी खर्चायची, परतीच्या वाटेला किती राखून ठेवायची, हे कळतं. आमच्याकडे नवीन आलेल्या मुलाला आधी सहा महिने फाटक्या नोटा मोजायला बसवत. खोटी नोट त्याला पुढे अंगठ्याला कळे. मशीन आलं आणि नोटा भराभर मोजल्या जाऊ लागल्या, ते उत्तमच. पण मशीन अडलं की आता सगळे मिळून मशीनकडे बघतात.

गंमत म्हणजे हुकूम न ऐकता आपल्या मनाने वागणारं एक पात्र मूळ १९८८ च्या खेळात होतंच. त्या धंद्याचं नावच मुळी "उनाड". ऐन लढाईत त्याला मारायला सांगावं तर तो विनोद करतो, नाचतो, नाहीतर भलतंच काही करून पाळी वाया घालवतो. होरीसाहेबांनी ते हसण्यासाठी घातलं होतं. (हा उनाड विसाव्या पायरीला पोचला की मात्र ज्ञानी होऊ शकतो. इतरांना त्यासाठी एक दुर्मिळ ग्रंथ लागतो, याला नाही. आमच्या कार्यालयातल्या एका गृहस्थांच्या बाबतीत मी ही पायरी कधी येते याची वाट पाहतो आहे.) तर १९८८ साली जो टोळीतला एक विदूषक होता, तेच २०२४ साली चौघांचं धोरण म्हणून दिलंय आणि त्याला सोय म्हणतात.

दुसरी सोय बाणाची. पुढे कुठे जायचं ते नकाशावर खूण करून दाखवतात. ही खूण बंद करता येते, हे खेळ करणाऱ्यांच्या बाजूने नोंदवून ठेवतो. मी ती पहिल्याच दिवशी बंद केली आणि त्याचं फळ मला मिरीच्या प्रकरणात मिळालं.

हे मिरीचं प्रकरण ऐकण्यासारखं आहे. या खेळातलं जग आपल्या पृथ्वीवरच बेतलेलं आहे. नावं जरा मोडूनतोडून. पश्चिमेला पोर्तोगा नावाचं एक राज्य आहे. (हसू नका, पुढे आहे.) त्या राजाला काळी मिरी हवी असते. मिरी मिळते कुठे? दूर पूर्वेला, बहरता नावाच्या गावात! आणि विकतो कोण? गुप्ता! मी खुर्चीवरून उठलो आणि सौं.ना हाक मारली. वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ साली, गोवा गेलं १५१० साली, आणि सगळं कशापायी, तर या काळ्या दाण्यांपायी. माझं आजोळ सावंतवाडीकडचं. आजीच्या परसात पोफळींवर मिरीचे वेल चढवलेले असत. ती दाणे सुपात घेऊन उन्हात बसे आणि आम्हां पोरांना "पायांखाली घेऊ नका रे" म्हणून ओरडे. त्या सुपासाठी युरोपातून गलबतं निघाली होती, हे तिला कुणी सांगितलं असतं तर तिने आधी भाव विचारला असता.

खेळातला गुप्ता भाव करत नाही. त्याच्या होणाऱ्या बायकोला दरोडेखोरांनी पळवलेलं असतं. आपण दोघांना सोडवून आणतो आणि तो मिरी फुकट देतो. ती नेऊन दिली की पोर्तोग्याचा राजा आपल्याला अख्खं जहाज देतो. खर्च शून्य, आवक एक जहाज! वाणिज्य शाखेत असला सौदा मला कुणी शिकवला नाही, नाहीतर मी आज काउंटरच्या दुसऱ्या बाजूला असतो.

पण मुद्दा बाणाचा. राजा म्हणतो, पूर्वेला जा. मध्ये डोंगर आडवा. आता वाट कुठली? बाण नसेल तर काय करावं लागतं? माणसांना विचारावं लागतं! मी घरोघर फिरलो. एक म्हातारा भलतंच सांगत बसला, एक बाई स्वतःचं दुःख सांगत होती, आणि शेवटी डोंगराच्या पोटात राहणारा एक बुटका भेटला. राजाचं पत्र दाखवल्यावर त्याने चोरवाट उघडून दिली. मला दोन संध्याकाळी लागल्या. चिरंजीव म्हणाले, बाणाने दहा मिनिटांत झालं असतं. झालं असतं. पण मग मी सामान पोचवणारा झालो असतो. हल्ली मोटारसायकलवर छातीशी मोबाइल बांधून जातात ना, त्यांना घराचा पत्ता ठाऊक असतो, गाव ठाऊक नसतं. त्यांचा तो नाइलाज आहे, मिनिटामिनिटाचा हिशेब द्यावा लागतो त्यांना. मला कुणाला द्यायचा आहे?

"अहो पण वास्को द गामानेसुद्धा मालिंदीला वाटाड्या घेतला होता," असं एका इतिहास वाचणाऱ्या मित्राने मला ऐकवलं. घेतला होता, कबूल! पण वाटाड्या हा माणूस असतो. त्याला विचारावं लागतं, पटवावं लागतं, त्याचं खाणं बघावं लागतं, आणि तो चुकला तर त्याच्याशी भांडता येतं. बाणाशी कुणी भांडून दाखवावं.

भांडता येत नाही, हेच तर आहे. गेल्या पावसाळ्यात एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका पासबुक घेऊन आल्या. पेन्शनमधून कुठल्याशा योजनेपोटी वर्षाला काही रुपये कापले जात होते. रक्कम मोठी नव्हती. त्यांनी पेन्सिलीने त्या तीन नोंदींखाली रेघा मारून आणल्या होत्या, शुद्धलेखन तपासल्यासारख्या. "हे कोणी केलं?" मी पडद्यावर पाहिलं. तिथे करणाऱ्याच्या नावाच्या जागी माणसाचं नावच नव्हतं. साहेबांना विचारलं, साहेबांनी वर विचारलं, वरून उत्तर आलं की संमती गृहीत धरून नूतनीकरण आपोआप होतं. बंद करायचा अर्ज मी भरून दिला, त्यापुढचे पैसे कापले गेले नाहीत. आधीचे परत आले नाहीत. बाई रागावल्या नाहीत. पासबुक पिशवीत ठेवताना एवढंच म्हणाल्या, "पण मला कुणी विचारलं नाही हो."

तर एकीकडे दिवसभर हे, आणि घरी माझा खेळ मला सांगतो की तुला विचारायची आता गरज नाही, आम्ही ठरवू! म्हणून माझं डोकं फिरतं. खेळ क्षुल्लक आहे, मान्य. पण विचारून घेण्याची सवय क्षुल्लक गोष्टींवरच सुटते. मोठ्या गोष्टींवर ती सुटत नाही, सोडवली जाते.

याचा अर्थ मी सगळं जुनंच हवं म्हणणाऱ्यांतला नाही. उगाच कुणी मला शाईच्या दौतीशेजारी नेऊन बसवू नका. या मालिकेच्या पहिल्या भागात खेळ अर्धवट सोडून उठायचं झालं तर यंत्र तुम्हाला वीस अक्षरांचा एक मंत्र सांगे. तो कागदावर लिहून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा भरायचा. दुसऱ्या भागात तो मंत्र बावन्न अक्षरांपर्यंत गेला. बावन्न! आमच्याकडे आयएफएससी कोडची अकरा अक्षरं लिहिताना लोकांना घाम फुटतो. एक अक्षर चुकलं की महिन्याची मेहनत गेली. तिसऱ्या भागात बॅटरी आली आणि नोंद यंत्रातच राहू लागली. पण बॅटरी रुसली की एक कर्कश सूर वाजे, आणि तुमची नोंदवही नाहीशी झाली आहे हे यंत्र तुम्हाला खेदपूर्वक कळवी. जपानातल्या आजच्या चाळिशी-पन्नाशीतल्या माणसांना तो सूर अजून दचकवतो म्हणतात. आता नोंद आपोआप ठेवली जाते. ती खुशाल ठेवावी! नकला करणं, आकडे उतरवणं, बेरजा मारणं हे आपोआप व्हावं, याला माझा पाठिंबा आहे. एक कारकून हे लिहितो आहे, याची कृपया नोंद घ्यावी. कारकुनी यंत्राला द्या. कुणाला वाचवायचं आणि कुणाला सोडायचं ते माझ्याकडे राहू द्या.

आमच्या घरात या विषयावर तिसरं मत आहे आणि ते नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरात आहे. मी कामावर असताना सौ. तोच खेळ खेळतात, हे मला उशिरा कळलं. त्यांनी सगळ्यांत सोपी पातळी घेतली आहे. तिच्यात आपल्या टोळीतलं कुणी मरतच नाही. जीव एकवर येऊन थांबतो. मी म्हटलं, "ह्यात कसली आली मजा?" तर म्हणाल्या, "अहो, दिवसभर मी तेवीस गोष्टी ठरवते. गॅस संपला तर काय, तुमच्या आईंच्या गोळ्या कुठल्या, ह्याची फी कधी. दुपारी घटकाभर मला कुणी मरायला नकोय." मी निरुत्तर होणार होतो, पण जवळ जाऊन पाहिलं. त्यांचे हुकूम त्या स्वतः देत होत्या. एकेकाला, नावाने, "तू गप्प बस, तू पुढे हो" असं तोंडाने म्हणत. मरण त्यांनी बंद केलं होतं, आणि तेही स्वतः ठरवून. आपोआप काही चालू नव्हतं. माझ्या बाजूचा इतका भक्कम पुरावा माझ्याच घरात असताना चिरंजीव मात्र तिच्या सोप्या पातळीचं उदाहरण माझ्याविरुद्ध देतात. (त्या माझ्या पुढे आहेत, हा मुद्दा वेगळा आणि इथे गैरलागू.)

माझ्या टोळीत मात्र माणसं मरतात, आणि मला तसंच हवं आहे. कारण मग बँकेला अर्थ येतो. हो, मूळ खेळात ठेवी ठेवायची सोय आहे! हजाराच्या पटीत सोनं ठेवायचं. व्याज नाही. पण सगळी टोळी मेली तर जवळच्या रोकडीपैकी निम्मी जाते आणि ठेवीला धक्का लागत नाही. मेलेला खातेदार देवळात जिवंत होतो आणि दुसऱ्या दिवशी पैसे काढायला हजर! वारस नाही, नॉमिनी नाही, सही जुळत नाही म्हणून परत पाठवणं नाही. हयातीचा दाखला तर मागायचीच सोय नाही, कोण कधी हयात असेल सांगता येत नाही. अशा बँकेत बिनव्याजी ठेवायलाही मी तयार आहे. ते जाऊ दे.

सांगायचं आहे ते व्यापाऱ्याचं. टोळीत मी एक व्यापारी घेतला होता. लढाईत तो बेताचाच, पण त्याच्यामुळे लढाईनंतर चार नाणी जास्त मिळतात, म्हणजे आमच्याच शाखेचा पदवीधर. त्याला मी माझ्या धाकट्या मेव्हण्याचं नाव दिलं. पंचवीस तास त्याला मी एकेक हुकूम देऊन वाढवला. आणि मग समुद्रापलीकडे एका ओसाड माळावर एक म्हातारा भेटतो. त्याला गाव वसवायचं असतं आणि तो म्हणतो, मला एक व्यापारी द्या. कायमचा. तो दिल्याशिवाय गाव वसत नाही आणि गाव वसल्याशिवाय पुढे लागणारी एक मौल्यवान वस्तू मिळत नाही. पुढे काय होतं तेही मला ठाऊक होतं, १९८८ चा खेळ आहे. गाव भरभराटतं, शहर होतं, आपला व्यापारी तिथला सर्वेसर्वा होतो, लोकांना राबवून राबवून पिळतो, लोक उठाव करतात आणि त्याला कोठडीत टाकतात.

मी त्या माळावर अर्धा तास बसलो. चिरंजीवांनी यावरही तोड काढली. "बाबा, परत गुत्त्यात जा. पहिल्या पायरीचा एक नवीन व्यापारी भरती करा आणि तो द्या सोडून. सगळे असंच करतात."

सगळे असंच करतात हे मला माहीत आहे. आमच्याकडे त्याला कंत्राटी पद्धत म्हणतात. एक अनोळखी पोरगा आणायचा, त्याला नाव काय ठेवलं तेही लक्षात ठेवायचं नाही, आणि जिथे कुणी आपलं माणूस ठेवणार नाही तिथे तो सोडून यायचा. मी मेव्हण्याच्या नावाचाच व्यापारी दिला. वाईट वाटलं. पंचवीस तास त्याला "आपोआप"वर ठेवला असता तर वाटलं नसतं. ज्याला आपण एकदाही "मागे हो, मार लागेल" म्हटलेलं नाही, त्याच्यासाठी वाईट वाटणार कसं? खऱ्या मेव्हण्याला हे सांगितलं तर तो एवढंच म्हणाला, "कोठडीत टाकतात म्हणजे? जामीन?"

सध्या मी जिपांग नावाच्या बेटावर आहे. म्हणजे जपानच. समोर ओरोची नावाचा अनेक तोंडांचा साप आहे. लढवय्याचा जीव निम्म्याच्या खाली आलाय, जादूगार आडवा पडलाय आणि पुजारिणीच्या अंगात एकाच मंत्रापुरती ताकद उरली आहे. तो मंत्र लढवय्यावर टाकला तर पुढच्या फुंकरीत ती स्वतः जाणार. स्वतःवर टाकला तर मारायला कुणी उरणार नाही. तिसरा मार्ग असेल, पोटलीत काय काय आहे ते अजून नीट पाहिलेलं नाही. रात्रीचे सव्वाअकरा झालेत. चिरंजीव दारात उभे राहून सांगताहेत की उद्या कॉलेज आहे, संगणक त्यांच्या खोलीत आहे, आणि एक बटण दाबलं की दोन मिनिटांत काय तो निकाल लागेल.

साप थांबलाय. त्याला घाई नाही. मी चिरंजीवांना म्हटलं, बस इथे, आणि मला सांग, तू काय केलं असतंस?

ते बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "थांबा हं बाबा. विचार करू दे."